गाडीच्या पोटाखालचं जुनं डांबर घरच्या घरी काढायचं का? आणि कसं?

खाजनकाठ | २ नोव्हेंबर, रात्री ९.५०

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मामाची १९९७ची मारुती ८०० आता माझ्या गळ्यात आलीय (म्हणजे मीच मागून घेतली, पण घरात असं सांगायचं नाही). मामा गाडीच्या बाबतीत शिस्तीचा. दरवर्षी मे महिन्यात घरावरची कौलं परतून झाली की दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात, खालून काळं (गंज लागू नये म्हणून मारतात तो जाड लेप) मारून घ्यायला. "पावसाआधी घर आणि गाडी दोन्ही शाकारायची" हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यात आम्ही चोडण बेटावरचे, म्हणजे फेरीबोट आलीच, भरतीच्या वेळी धक्क्यावर चाकं खाऱ्या पाण्यातूनच चढतात-उतरतात.

परवा पंक्चरसाठी पुढचं डावं चाक काढलं तर आतल्या बाजूने तळहाताएवढा काळा तुकडा आपसूक हातात आला. चांगला तीन-चार मिलिमीटर जाड. आडवा धरून बघितला तर थर दिसतात, वर चकचकीत काळा, मग लाल धुळीची रेघ, परत काळा, परत लाल रेघ, आणि सगळ्यात खाली पत्र्याचा तपकिरी पापुद्रा चिकटून आलेला. बोट लावलं तर ओलं! आणि इथे पंधरा दिवस पावसाचा थेंब नाही.

आता आठवतंय, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट पण कायम दमट लागतं.

एका गॅरेजात विचारलं तर सगळं काढून रंगवायचे १८ हजार म्हणाले. दुसरा म्हणाला काढता कशाला, वरून अजून एक हात मारू, ३ हजार द्या. माझ्याकडे चार इंची ग्राइंडर आहे, बाटली जॅक आहे, शनिवार-रविवार आहेत. घरी जमेल का? सगळं काढावं लागेल का?

नुसतं_बघणारा | रात्री १०.०२

जत्रेतले खाजे घेऊन बसलोय. होऊ द्या सुरू.

सुंगटां_किस्मूर | रात्री १०.१५

थर, त्यात लाल रेघ, परत थर... बाब, ती गाडी नाही, बेबिंका आहे, आपलं थराथराचं गोड. कापून नाताळात वाट.

अर्धा_इंची_पाना | रात्री ११.२०

फोंड्याला माझं छोटं गॅरेज आहे, तीस वर्षं हेच करतोय म्हणून चार शब्द.

सगळं काढू नको. पहिलं म्हणजे स्क्रूड्रायव्हर उलटा धर आणि मुठीने सगळ्या तळाला हळू टकटक करत जा. जिथे "टण" वाजतं तिथे काळं पत्र्याला घट्ट धरून आहे, तिथे हात लावायचं कारण नाही. जिथे "भद" वाजतं तिथे आत पोकळ झालंय, पाणी शिरलंय. तेवढंच काढ, आणि त्याच्या कडेने चार बोटं जास्त. नवीन खडूने खुणा करून घे नाहीतर खाली झोपल्यावर डावं-उजवं कळत नाही.

दुसरं, वर काय मारलंय ते ओळख. पांढरी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून घास. चिंधी काळी-तपकिरी झाली तर डांबराचं. नख रुतलं आणि मेणासारखं चिकट लागलं तर मेणाचं, ते सोपं, कोमट करून पुसलं की निघतं. काहीच झालं नाही, रबरासारखं राहिलं, तर ते बहुतेक कंपनीचं. आणि पत्र्याच्या सांध्यांवर राखाडी-पांढरी पट्टी दिसेल ती कंपनीची सीलर, ती चांगली असेल तर अजिबात उखडायची नाही. ती गेली की पाणी सरळ तुझ्या मॅटमध्ये.

३ हजारवाल्याकडे जाऊ नको. ओल्यावर काळं मारणं म्हणजे ओला भात डब्यात घालून झाकण लावणं.

लाल_माती | ३ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

पाना काकांशी असहमत. "टण" वाजलं म्हणजे आत गंज नाही असं कुठे आहे? सुरुवातीचा गंज पातळ असतो, तो थर सोडत नाही, वाजतं पण छान. माझ्या गाडीत असंच अर्धं ठेवलं आणि दोन पावसाळ्यांत त्याच ठेवलेल्या भागात फुगे. काढायचं तर सगळं.

आणि गॅरेजवाल्यांचं काय सांगावं, माझी गाडी एका ठिकाणी दिली होती (नाव नको), सकाळी प्रेशरने धुतली, दुपारी काळं मारलं, संध्याकाळी हातात चावी. सुकायला वेळच दिला नाही. आतला चिखलसुद्धा तसाच, वर्षभराने तुकडा निघाला तर आतल्या बाजूला चिखलात बोटांचे ठसे!!

अर्धा_इंची_पाना | सकाळी ८.०५

@लाल_माती, तुमचं बरोबर आहे पण तुम्ही काढलंत ते लिफ्टवर. हा पोरगा अंगणात पाठीवर झोपून काढणार. सगळं काढायला गेला तर शिगम्यापर्यंत खालीच राहील.

लाल_माती | सकाळी ८.०९

हे मात्र खरं 😄

डिचोलीची_बाय | सकाळी १०.३०

माझा अनुभव लिहिते, हसायचं नाही.

आमची जुनी जिप्सी. मी व्हिडिओ बघून ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावला आणि भिडले. पहिल्या दहा सेकंदांत वाटलं वा! मग ब्रश गरम झाला, त्याने डांबर वितळलं, तारांमध्ये भरलं आणि तिथून गोळ्या सुटाव्यात तसं चहूकडे उडायला लागलं. केसात, चष्म्यावर, आणि मुख्य म्हणजे नुकत्याच रंगवलेल्या तुळशी वृंदावनावर. तुळशीच्या लग्नाला आठ दिवस होते. सासूबाई बाहेर आल्या, वृंदावन बघितलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, "यंदा नरकासुर दिवाळीनंतर आला वाटतं." तेवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर सांगायचा मुद्दा, डांबरावर ग्राइंडर पहिला नाही, शेवटचा. आधी हीट गन (गरम हवा मारणारं यंत्र) आणि खरवडायची पट्टी. सगळा जाड थर निघाल्यावर जो काळा हात राहतो तो टर्पेंटाइनच्या चिंधीने. आणि मग गंजावर तारेचा ब्रश. या क्रमाने केलं तर वृंदावन वाचतं.

खाजनकाठ | सकाळी ११.००

@डिचोलीची_बाय ताई, ऑफिसात हसू आवरत नाहीये. हीट गन किती गरम करायची? आगीची भीती वाटते.

डिचोलीची_बाय | सकाळी ११.२५

माझी १८०० वॉटची आहे, ती वर ६०० अंशांपर्यंत जाते म्हणे पण एवढी कधी लागत नाही. कमी वर ठेव, वीतभर अंतरावरून फिरवत राहा. एका जागी थांबायचं नाही. धूर यायला लागला म्हणजे तू जाळतोयस, काढत नाहीयेस. काळं चिक्कीच्या पाकासारखं मऊ झालं की पट्टी खालून सरकव, अख्खी सालं निघतात, मजा येते खरं तर. एका वेळी हातभर जागा गरम करायची नाही, बशीएवढीच करायची आणि काढायचं. थंड झालं की परत घट्ट.

पण पेट्रोलची टाकी, पेट्रोलचे पाइप, ब्रेकचे पाइप यांच्या आसपास हीट गन बंद म्हणजे बंद. ८००ची टाकी मागे खालीच आहे. तिथे हाताने, प्लास्टिकच्या पट्टीने, जेवढं निघेल तेवढं. आणि वर गाडीच्या आत मॅट-कार्पेट उचलून ठेव, तू खालून गरम करणार आणि वर कार्पेटचा वास सुटणार.

मांडवी_एक्सप्रेस | दुपारी १.१०

हीट गन वगैरे कशाला? ड्राय आइस टाका, उणे ७८ अंश, काळं काचेसारखं तडकतं, हातोडीने टकटक की खलास. आईस्क्रीमवाल्यांकडे मिळतो.

लाल_माती | दुपारी १.२२

तो गाडीच्या आतल्या जमिनीवरच्या डांबरी मॅटसाठी भाऊ. तिथे पसरून ठेवता येतो. खाली पोटाला कसा चिकटवणार, हाताने धरून? आणि बंद गॅरेजमध्ये त्याचा कार्बन डायऑक्साइड साठला तर माणूसच गार.

मांडवी_एक्सप्रेस | दुपारी १.२५

हां हे लक्षातच नाही आलं. गुरुत्वाकर्षण.

पोर्तुगीज_कौल | दुपारी ३.४०

रॉकेल म्हणताय सगळे, पण रॉकेल आता मिळतं कुठे? आम्ही एकदा पेट्रोलने पुसायला घेतलं होतं. मित्र खाली, मी वर सल्ला द्यायला. बाजूला बल्ब लोंबत होता उजेडाला, जुना पिवळा, तारेच्या जाळीत. चिंधीवरचं पेट्रोल ठिबकलं त्या गरम बल्बवर, बल्ब फुटला आणि भक्कन. मित्र ज्या वेगाने बाहेर सरपटला तसा तो शाळेच्या शर्यतीत कधी पळाला नव्हता. भुवया दोन महिन्यांनी आल्या. पेट्रोल नको, कृपा करा. रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं, ते आणा, आणि उजेडाला बॅटरीवरचा एलईडी.

आणि गाडी वर कशावर ठेवणार? आमच्याकडे जांभ्याचे चिरे ठेवायचे सरळ चारी बाजूंनी, अंगणात पडलेलेच असतात.

अर्धा_इंची_पाना | दुपारी ३.५५

चिरे नाही!!! हात जोडतो.

चिरा भिंतीत चांगला, तिथे वजन सगळ्या अंगावर पसरतं. गाडीची कड त्याच्या मधोमध एका रेषेत बसली की चिरा कधी फुटेल सांगता येत नाही, आणि फुटताना आवाज देत नाही, भुगाच होतो. सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर त्याहून वाईट. लोखंडी स्टँड घे, ज्याला आम्ही घोडी म्हणतो, दोन जोड्या. भाड्यानेही देतात. घोडी ठेवायची ती कंपनीने दिलेल्या जॅकच्या जागेवर, पण तुझ्या गाडीत तिथलाच पत्रा सडलेला असू शकतो, आधी टोचून बघ. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली डोकं घालायचं नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही. मातीवर उभी करायची झाली तर घोड्यांखाली जाड फळी. सगळं झालं की खाली जायच्या आधी गाडीला दोन्ही हातांनी चांगली हलव. हलली तर तू बाहेर असताना हललेली बरी.

नुसतं_बघणारा | दुपारी ४.०१

काका एकदम भडकले. पण सेव्ह करून ठेवलं.

सांखळीकर_आजोबा | संध्याकाळी ६.३०

थरांतल्या लाल रेघेबद्दल कोणी बोललंच नाही. आमच्याकडे खाणी जोरात होत्या तेव्हा, म्हणजे २०१२ला बंद पडायच्या आधी, रस्त्यावर ट्रकांची रांग आणि सगळ्या गाड्यांच्या खाली बोटभर लाल लेप. लोक म्हणायचे खाणीच्या मातीने गाडी सडते. ती माती म्हणजे आधीच गंजलेलं लोखंड, ती पत्रा काय खाणार! ती ओल धरून ठेवते, भिजवलेल्या पोत्यासारखी. पाऊस गेला तरी आठ-आठ दिवस आत ओलंच. त्यात चोडणच्या फेरीबोटीचं मीठ मिसळलं की झालं काम. त्यामुळे काळं मारायच्या आधी धुणं-सुकवणं हेच अर्धं काम आणि तेच कोणी करत नाही.

सुंगटां_किस्मूर | संध्याकाळी ६.४५

आजोबा, रेंटच्या गाड्या मोरजीला रेतीत घालतात, बंदी असून, मग समुद्राच्या पाण्यात फोटो काढतात, त्यांच्या खाली काय होत असेल! सेकंड हँड घेताना खाली वाकून बघा रे बाबांनो.

सांखळीकर_आजोबा | संध्याकाळी ६.५०

वाकायला गुडघे लागतात. मी मोबाइल खाली धरून फोटो काढतो.

बार्जीवरचा_रंगारी | रात्री ८.१५

वास्कोला जहाज दुरुस्तीत रंगकाम बघतो. बार्ज म्हणजे अख्खं आयुष्य खाऱ्या पाण्यात, त्यामुळे हा विषय जवळचा. तुम्ही सगळे काढण्यावर बोलताय, मी नंतरचं बोलतो, कारण तिथेच लोक हरतात.

१) काढल्या-काढल्या तारेचा ब्रश फिरवू नका. आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा. गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं, कोरडा ब्रश फिरवला की ते अजून आत दाबलं जातं आणि वर कितीही महाग रंग मारा, वर्षात खालून फुगे येतात. धुवा, सुकवा, घासा, परत धुवा.

२) टर्पेंटाइनने पुसल्यावर तेलकट हात राहतो. त्यावर कुठलाच प्रायमर धरत नाही. थिनरची स्वच्छ चिंधी, आणि चिंधी बदलत राहायची. काळी चिंधी फिरवणं म्हणजे घाण एका जागेवरून दुसरीकडे नेणं.

३) रंगाची वेळ. आमच्याकडे नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी वर. नाहीतर डोळ्यांना न दिसणारं पाणी पत्र्यावर असतंच. गोव्यात थंडीत सकाळी गाडीच्या टपावर दव बघता ना, तसंच ते खाली पण आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी अकरा ते दुपारी तीन, एवढीच वेळ धरा. जूनमध्ये घरी हे काम काढूच नका.

४) उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. आपल्या हवेत सकाळी उठाल तर लालसर झालेला असतो. जेवढा रंगवता येईल तेवढाच उघडा करा. म्हणजे एका शनिवारी एकच कोपरा.

प्रायमर टू-पॅक इपॉक्सी, म्हणजे दोन डब्यांतलं एकत्र करून मारायचा तो. रेड ऑक्साइड, तो नेहमीचा लाल प्रायमर, नको.

अर्धा_इंची_पाना | रात्री ८.४०

बाकी सगळं मान्य, पण रेड ऑक्साइडला का नावं? माझ्या घराच्या गेटला वडिलांनी मारलेला, अजून आहे.

बार्जीवरचा_रंगारी | रात्री ८.५२

काका, गेट उभं आहे, पाणी निथळतं, वारा लागतो, आणि दर दोन वर्षांनी तुम्ही त्यावर परत मारता. मारता की नाही खरं सांगा 🙂 गाडीच्या खाली दगड लागतात आणि ओल बसून राहते. रेड ऑक्साइड नुसता असेल तर त्यातून ओल आत जाते.

अर्धा_इंची_पाना | रात्री ८.५५

मारतो. दर गणेशचवथीला.

लाल_माती | रात्री ९.१०

आणि ते रस्ट कन्व्हर्टर? लावलं की गंज काळा होतो ते?

बार्जीवरचा_रंगारी | रात्री ९.३०

फॉस्फोरिक ॲसिड किंवा टॅनिक ॲसिड असतं त्यात. खड्ड्यांत, जिथे ब्रश पोचत नाही तिथे लावा, पण आधी सुटा गंज काढून. पापुद्र्यांवर लावलं तर वरचा पापुद्रा काळा, खालचा लालच. आणि ॲसिड शिल्लक राहिलं तर काही इपॉक्सी त्यावर नीट सुकत नाहीत, म्हणून डब्यावर काय लिहिलंय ते वाचा.

डिचोलीची_बाय | रात्री ९.४१

गॉगल आणि मास्क कोणीच लिहिलं नाही पुरुषांनी. उताणं झोपून काम करताना सगळं तोंडावरच पडतं. साधा कापडी मास्क नको, धुळीला चांगला फिल्टरवाला, आणि थिनर-इपॉक्सीला कोळशाच्या फिल्टरचा. फार जुन्या काळच्या काही कोटिंगमध्ये ॲस्बेस्टॉस पण असायचं, त्यामुळे खूप जुनी गाडी असेल तर कोरडी धूळ उडवायचीच नाही. आणि खाली ताडपत्री अंथर, काढलेलं काळं आणि टर्पेंटाइन विहिरीकडे वाहून जाता कामा नये.

खाजनकाठ | ४ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. दोन जोड्या घोड्या मिळाल्या. टकटक करून बघितलं, डावी बाजू सगळी "भद", उजवी बरीचशी "टण". म्हणजे काका आणि लाल_माती दोघांचंही थोडं थोडं ऐकणार. डिसेंबरात सुरू करतो.

मांडवी_एक्सप्रेस | २० डिसेंबर

धागाकर्ते घोडीवरून उतरले की नाही?

सुंगटां_किस्मूर | २० डिसेंबर

नाताळ आला. बेबिंका कुठे?

खाजनकाठ | १८ जानेवारी, रात्री १०.३०

आलो, आलो. पाच रविवार गेले.

डावी बाजू पूर्ण काढली, उजवीकडे फक्त चाकांच्या आत आणि जिथे शंका आली तिथे. हीट गन आणि पट्टीने अख्खी सालं निघाली, ताई म्हणाल्या तसंच, वेफर्ससारखी पिशवी भरली. टाकीच्या बाजूला हाताने घासून घासून मनगट गेलं.

मॅट ओलं का होतं ते कळलं. दरवाजाखालच्या पेटीला, म्हणजे जिथे पाय ठेवून आपण आत चढतो त्याच्या पोटात, खालच्या कडेला पाणी जायला बारीक फटी असतात. दरवर्षीच्या काळ्याने त्या सगळ्या बुजलेल्या. एका फटीत सायकलच्या स्पोकचं टोक घातलं आणि फिरवलं तर आधी एक काळा गोळा बाहेर आला, मग चहाच्या रंगाचं पाणी. धार लागली. अर्धा पेला तरी निघालं, मी ताडपत्रीवर पडून नुसता बघत होतो. वर पाऊस, आत तळं, बाहेरून चकचकीत काळं!

दोन भोकं सापडली. एक ड्रायव्हरच्या टाचेखाली पाच रुपयाच्या नाण्याएवढं, दुसरं पेटीच्या कडेला लांबट. वेल्डिंग स्वतः केलं नाही, गावातल्या वेल्डरला बोलावलं. त्याने आधी बॅटरीची वायर काढायला लावली, कार्पेट बाहेर, पाण्याची बादली शेजारी, मग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून तुकडा बसवला. माझा अंदाज बोटभर होता, प्रत्यक्षात वीतभर कापावं लागलं.

इपॉक्सीचे दोन हात, दुपारी बारा ते दोन. सांध्यांवर सीलर. चाकांच्या आत दगड लागतात तिथेच फक्त रबरी कोटिंग, बाकी तळ साधा रंगवलेला ठेवलाय म्हणजे पुढच्या वेळी गंज आला तर दिसेल तरी. पेटीच्या आत नळीने मेण मारलं. फटी सगळ्या उघड्या. खर्च वेल्डरसकट साडेसात हजार, घोड्यांचं भाडं वेगळं.

आज मामा जेवायला आला होता. इस्त्रीच्या शर्टात सरळ चटई टाकून खाली गेला. आतून बराच वेळ नुसतं टकटक, टकटक. सगळीकडे टण. बाहेर आला, हात झटकले आणि म्हणाला, "बरी झालीय हां. आता मे महिन्यात काळं कोणाकडे मारायचं ठरवलंयस?"

नुसतं_बघणारा | रात्री १०.३४

खाजे संपले.